दिसून राह्यलं ना भाऊ, मग झालं!



आज जरा भांडायचं आहे. माणसाशी नाही, एका वाक्याशी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ते असं म्हणतात: "दिसून राह्यलं ना भाऊ, मग झालं!" पुण्यात त्याचं "दिसतंय ना नीट? मग पुढे चला" होतं, आणि आयटी कंपन्यांच्या बैठकांत तेच इंग्रजीतून बोललं जातं. प्रसंग नेहमी एकाच जातीचा. कुठल्यातरी प्रणालीत मराठी मजकूर घालायचा असतो. कुणीतरी शंका काढतो. दुसरा पडद्याकडे बोट दाखवतो. पडद्यावर देवनागरी झळकत असते. शंका काढणारा गप्प बसतो आणि बिल मंजूर होतं.

माझं म्हणणं असं, की दिसणं हे मजकुराचं सगळ्यात सोपं काम आहे. फोटोही दिसतो. मजकूर त्याच्या पुढे गेला पाहिजे. तो शोधला तर सापडला पाहिजे. विंडोजवरून लिनक्सवर, मॅकवरून मोबाइलवर जसाच्या तसा पोचला पाहिजे. दुसऱ्या यादीतल्या त्याच नावाशी जुळला पाहिजे, आणि वर्णानुक्रमे लावला तर आपल्या जागी बसला पाहिजे. हे होत नसेल तर तुमच्या प्रणालीत मराठी नाहीच, मराठीचं चित्र आहे. आणि ज्या प्रोग्रामरला हा फरक माहीत असूनही तो "दिसतंय ना" म्हणतो, त्याने काम पुरं केलेलं नसताना पैसे घेतलेले असतात. जरा कडक वाटेल, पण आज कडकच लिहायचं ठरवलंय. :)

ही अनुदिनी वाचणाऱ्यांत निम्मे ब्लॉगवाले आणि निम्मे आमचे नातेवाईक, म्हणून नातेवाइकांसाठी आधी थोडं सोपं करून सांगतो. ब्लॉगवाल्यांनी चहा घेऊन यावं.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यावा लागतो. शेताला गट नंबर असतो तसं समजा. शेताला कुंपण काट्यांचं आहे की तारेचं, यंदा सोयाबीन आहे की कपाशी, यावरून तलाठी शेत ओळखत नाही, गट नंबरावरून ओळखतो. अक्षराचं रूप म्हणजे कुंपण, आणि नंबर म्हणजे गट नंबर. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात 'क'चा नंबर २३२५ आहे. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखून ठेवल्या आहेत. फॉन्ट फक्त एवढंच ठरवतो, की २३२५ नंबर आला की 'क' कुठल्या वळणाचा काढायचा.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडे पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं आली की लोक म्हणतात, "फॉन्ट उडाला". जपानी लोकांचेही असेच हाल झाले होते, त्यांच्याकडे एकाच भाषेसाठी दोन-तीन वेगवेगळे तक्ते चालत. पण त्यांनी या प्रकाराला 'मोजिबाके' असं वेगळं नाव दिलं, म्हणजे निदान रोग ओळखला. आपण मात्र बिचाऱ्या फॉन्टवर आळ घेतो. बहुतेक वेळा फॉन्टचा काही दोष नसतो. नंबर एका तक्त्याने लिहिले गेले आणि दुसऱ्या तक्त्याने वाचले गेले, एवढंच झालेलं असतं.

हा गोंधळ मराठीत आला कुठून, तर त्यालाही इतिहास आहे. आपल्या देशात या बाबतीत अज्ञान होतं असं कुणी म्हणू नये. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचा तक्ता १९८० च्या दशकातच तयार झाला आणि १९९१ साली तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्धही झाला, क्रमांक आयएस १३१९४. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान त्यावर चालत असे. युनिकोडवाल्यांनी देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. म्हणजे अक्षराला नंबर हवा, त्याच्या रूपाला नको, हा विचार आपल्याकडे आधीपासून होता.

पण बाजारात जिंकले फॉन्ट. विंडोज ९५ आणि ९८ ला देवनागरी येत नव्हती. मग काय केलं, तर इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे रंगवले. कृतिदेव फॉन्टमध्ये 'राम' लिहा. पडद्यावर राम दिसतो, पण यंत्राच्या पोटात जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट काढून घेतला की राम गेला आणि 'जेकेई' उरलं. शिवाय हे सगळं टाइपरायटरच्या क्रमाने. 'किती' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी साठवली जाते आणि 'कर्म' लिहिताना रफार 'म'च्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं, म्हणजे आपण उच्चारतो तसं: आधी क, मग वेलांटी, आधी र, मग म. म्हणून जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना नुसती अक्षरं बदलून भागत नाही, वेलांट्या आणि रफार उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात. आणि श्रीलिपी, शिवाजी, योगेश, आकृती, कृतिदेव या प्रत्येक घराण्याचा तक्ता निराळा! एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नाही.

तरीही मी त्या फॉन्टवाल्यांना नावं ठेवणार नाही. १९९० च्या दशकात खामगावच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि मुंबईत दिवाळी अंक निघत होते ते त्यांच्याच जोरावर. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. ज्याच्याकडे बैलगाडी होती त्याने बैलगाडी हाकली, यात दोष काय? माझा राग आहे तो डांबरी रस्ता झाल्यावरही बैलगाडीचंच लायसन्स काढायला लावणाऱ्यांवर. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली. २००१ च्या एक्सपीत ती सीडी घालून चालू करावी लागायची, आठवतंय का? १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ च्या गणेशोत्सवात 'मनोगत' आलं, आणि आपण मंडळी 'बरहा' आणि 'गमभन' वापरून युनिकोडात टंकू लागलो. गंमत म्हणजे त्या काळात मोठमोठ्या वर्तमानपत्रांची संकेतस्थळं वाचायला प्रत्येकाचा वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागत होता, आणि फुकटात लिहिणारे हौशी ब्लॉगवाले मात्र गूगलला सापडत होते. २००९ साली केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून जाहीर केलं. त्यालाही आता दीड दशक उलटून गेलं.

इथे कुणीतरी म्हणेल, "मग झालं की! आता सगळीकडे युनिकोडच आहे. कशाला जुनी मढी उकरता?"

याच समजुतीशी माझं खरं भांडण आहे. युनिकोड आलं म्हणून प्रश्न सुटला असं मानणं म्हणजे गावात नळयोजना आली म्हणून घरात पाणी आलं असं मानण्यासारखं आहे. बुलढाणेकरांना यापेक्षा जास्त समजावून सांगायची गरज नसावी.

पहिलं उदाहरण आमच्या मुलुखाचंच घेतो. 'वऱ्हाड'. यातला तो पापणीसारखा र युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो. एक, टिंबवाला 'ऱ' (नंबर २३५३), त्याला हलन्त आणि मग ह. दोन, साधा 'र' (२३५२), त्याला वेगळा नुक्ता (२३६४), मग हलन्त आणि ह. तीन, साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ह. तिन्ही पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात. पण यंत्राच्या दृष्टीने हे तीन वेगळे शब्द. तुमच्या कळफलकाने एक लिहिला आणि माझ्या कळफलकाने दुसरा, तर तुम्ही शोधलेलं 'वऱ्हाड' माझ्या यादीत सापडणार नाही. 'शेतकऱ्यांची यादी' सापडणार नाही. 'कऱ्हाळे' आडनाव सापडणार नाही. जिल्ह्याला लागून असलेलं बऱ्हाणपूरही नाही.

पहिल्या दोन रूपांना एक करण्याची सोय युनिकोडनेच करून ठेवली आहे, तिला सामान्यीकरण म्हणतात. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत ती एका ओळीत करता येते. तिसरं रूप मात्र त्यात येत नाही, त्यासाठी स्वतः नियम लिहावा लागतो, तोही एका ओळीचाच. किती मराठी प्रणाल्यांत या दोन ओळी लिहिलेल्या असतात? तुम्हीच तुमच्या ऑफिसात विचारून बघा.

दुसरं उदाहरण 'ॲ'चं. वकिलाच्या नावामागचा 'ॲड.' घ्या. युनिकोडच्या ५.१ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २००८ पर्यंत, या अक्षराला स्वतंत्र नंबरच नव्हता. लोक 'अ' लिहून वर चंद्र ठेवत. मग २४१८ ही जागा मिळाली. झालं, आता दोन 'ॲ' झाले, दिसायला एकच. आणि इथे ते सामान्यीकरणही मदतीला येत नाही, कारण युनिकोडने त्यांना एकरूप ठरवलेलं नाही. हिंदी वळणाचा 'ऍ' तिसरा, पण तो निदान डोळ्यांना वेगळा तरी दिसतो. बुलढाणा लिहावं की बुलडाणा हा आमच्याकडचा जुना वाद आहे. पण तो वाद दिसतो तरी! माणूस दोन्ही शब्द शोधून बघू शकतो. न दिसणाऱ्या फरकाचं सामान्य माणसाने काय करायचं?

तिसरं उदाहरण फाइलींच्या नावाचं. एकाने मॅकवर फाइलचं नाव 'वऱ्हाड' ठेवलं. मॅकची जुनी, १९९८ पासूनची फाइलव्यवस्था नावातली अक्षरं फोडून ठेवायची, म्हणजे 'ऱ'चे र आणि नुक्ता असे दोन तुकडे. हीच फाइल लिनक्स सर्व्हरवर गेली. लिनक्स काही फोडत नाही आणि जोडतही नाही, आलेले बाइट तसेच ठेवतो. संकेतस्थळाच्या पानावर दुवा लिहिला विंडोजवाल्याने, सलग 'ऱ' वापरून. दुवा तुटला. फोल्डर उघडून बघा, फाइल समोर आहे, नाव तेच आहे आणि सर्व्हर म्हणतो अशी फाइल नाही. नवीन फाइल टाका, आता एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात. भुताटकी म्हणून लोक हात जोडतात. भुताटकी वगैरे काही नाही, नुक्ता आहे. मॅकच्या नव्या व्यवस्थेने २०१७ पासून नाव फोडणं सोडलं, पण जुन्या फाइली आणि त्यांच्या प्रती अजून फिरताहेतच.

चौथं उदाहरण लांबीचं. 'देऊळगाव राजा' हे नाव युनिकोडच्या हिशेबाने १२ चिन्हांचं आहे. पण साठवताना बहुतेक ठिकाणी यूटीएफ-८ ही पद्धत वापरतात. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली ती तयार केली. फार हुशारीची पद्धत आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे देऊळगाव राजा ३४ बाइटचं. इंग्रजीत तेच १३ बाइटमध्ये बसतं. आता कुणी इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून गावाच्या रकान्याला ३० बाइट दिले असतील तर? 'देऊळगाव रा' इथपर्यंत नीट येतं आणि 'जा'मधल्या 'ज'चे तीनपैकी दोनच बाइट आत शिरतात. त्या अर्धवट तुकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह असलेला चौकट राजाचा आकार उमटतो. राजा गेला आणि चौकट राजा आला! सिंदखेड राजाही मोजून १२ चिन्हांचं आणि ३४ बाइटचंच. जिजाऊंचं जन्मस्थान असलं तरी तिथेही तेच.

पाचवं उदाहरण ब्लॉगवाल्यांनी नक्की पाहिलं असेल. मराठीची यूटीएफ-८ फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली, की डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन 'ए' आणि मध्ये मध्ये जपानी येनची चिन्हं. येन कुठून येतात माहीत आहे? देवनागरीच्या निम्म्या तक्त्याचा दुसरा बाइट असा आहे, की पाश्चात्त्य भाषांच्या '१२५२' नावाच्या विंडोज तक्त्यात त्या नंबराला येनचं चिन्ह आहे. आपली दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त त्या अर्ध्यात राहतात. म्हणून जितक्या मात्रा, तितके येन. एवढ्यावर थांबलं तर मजकूर परत मिळवता येतो. पण त्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि हलन्त, पहिला उकार, 'झ', 'ए' आणि 'ऐ' यांचा शेवटचा बाइट नेमका त्या रिकाम्या जागांवर पडतो. मधल्या एखाद्या काटेकोर प्रोग्रामने ते बाइट टाकून दिले की जोडाक्षरं कायमची गेली. आणि कुणी फाइल जुन्या पद्धतीने साठवून सगळ्या मराठीचे साधे प्रश्नचिन्ह केले असतील, तर काहीच परत येत नाही. प्रत्येक अक्षर एकाच भांड्यात ओतून टाकलेलं असतं.

मग हे होतं का? "मराठी फार क्लिष्ट आहे हो", असं सांगणारे भेटतात. साफ खोटं. कारण एकच, प्रत्येक यंत्र गृहीत धरतं की सांगितलं नाही म्हणजे पाश्चात्त्य मजकूर आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसची न सांगता लागू होणारी पद्धत २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन होती, आणि क्रम लावायची रीत स्वीडिश, कारण कंपनी स्वीडनची. म्हणजे आमच्या मेहकर-लोणारच्या याद्या स्वीडिश वर्णानुक्रमाने! विंडोजच्या नोटपॅडने यूटीएफ-८ आपणहून वापरायला सुरुवात केली ती २०१९ साली. जावाने २०२२ साली. त्याआधी जावाचा एकच प्रोग्राम प्रोग्रामरच्या विंडोजवर एक तक्ता धरायचा आणि लिनक्स सर्व्हरवर दुसरा. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे जे वाक्य आहे ना, त्याची निम्मी मुळं इथे आहेत. यातल्या कशालाही मराठीचं व्याकरण आडवं येत नाही. प्रत्येक उंबरठ्यावर, फाइल उघडताना, साठवताना, डेटाबेसशी बोलताना, पान पाठवताना, "हा मजकूर यूटीएफ-८ आहे" असं स्पष्ट सांगायचं असतं. इतकंच. न सांगण्याला आळस म्हणतात, क्लिष्टता नव्हे.

आता यात कुणाचं काय जातं ते सांगतो, कारण नुसत्या बाइटांसाठी मी रात्री जागून लिहीत नाही.

आपल्याकडे शेतकऱ्याचं नाव तीन ठिकाणी असतं, सातबारावर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकावर. आधारवर ते इंग्रजीतही असतं आणि मराठीतही. २०२५ साली राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला, आणि तो काढताना आधारवरचं नाव जमिनीच्या नोंदीतल्या नावाशी ताडून पाहतात. पीक विमा असो, अनुदान असो, सगळा कारभार 'नाव जुळणं' या दोन शब्दांवर चालतो. माणसांच्या चुका असतातच, बापाच्या नावात काना राहिलेला, आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं. त्या चुका निस्तरायलाच शेतकऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. त्यावर आणखी यंत्राने न दिसणारी चूक घालावी, हे मला सहन होत नाही. काना चुकला तर कारकून दाखवून देतो, "हे बघा, इथे वेगळं आहे." अदृश्य जोडचिन्ह चुकलं तर कारकूनही डोकं खाजवतो. दोन्ही कागदांवर नाव सारखंच, आणि यंत्र म्हणतं जुळत नाही. मग शेतकऱ्याला काय सांगतात? "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे, उद्या या."

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या भागातल्या एका संस्थेने, नाव सांगत नाही, आपल्या सभासदांच्या दोन याद्या जुळवून द्यायला मला सांगितलं होतं. एक यादी जुन्या फॉन्टमधून बदलून घेतलेली, दुसरी मोबाइलवर भरलेली. आडनावात 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' असलेले सभासद दुसऱ्या यादीत 'नाहीत' असं प्रणाली ठासून सांगत होती. ती प्रणाली बनवणाऱ्याला फोन लावला. त्याचं उत्तर या लेखाच्या शीर्षकात आहे.

आता विरोधकांचे दोन मुद्दे घेतो, म्हणजे एकतर्फी झालं असं कुणी म्हणायला नको.

पहिला मुद्दा, "मग सगळं इंग्रजीतच ठेवा ना, कटकट नाही." हे ऐकायला व्यवहारी वाटतं. पण इंग्रजीत 'ळ' नाही, 'ण' नाही. मोताळ्याचा मोताला होतो. एकच नाव इंग्रजीत चार जण चार स्पेलिंगांनी लिहितात, त्यात जुळवाजुळव उलट अवघड होते. शिवाय ज्याचं नाव आहे त्याला ते वाचता आलं पाहिजे, तरच तो चूक दाखवू शकेल. स्वतःच्या नावातली चूक वाचण्याचा हक्क काढून घेऊन सोय करायची, तर ती सोय कुणाची?

दुसरा मुद्दा ताजा आहे, "आता एआय आलंय, ते घेईल समजून." अंदाजाने समजून घेणं वेगळं आणि नोंद अचूक असणं वेगळं. भेंडवळच्या घटमांडणीत भाकीत चालतं, आमच्याकडे लोक त्यासाठी अक्षय तृतीयेनंतर गर्दी करतात. सातबारावर भाकीत चालेल का? आणि या एआयला मराठी शिकायला मराठी मजकूर लागतो. आपला १९९० पासूनचा कितीतरी मजकूर जुन्या फॉन्टांत अडकलेला आहे, म्हणजे त्याच्या दृष्टीने ती मराठी नव्हेच, 'जेकेई' आहे. जो मजकूर शोधयंत्राला दिसत नाही तो त्यालाही दिसत नाही. एआयच्या भरवशावर ढिलाई करणारे त्याच्याच तोंडचा घास काढताहेत.

आणि मोठ्या प्रमाणावर बदल होत नाही असंही नाही. म्यानमारमध्ये 'झॉजी' नावाच्या फॉन्टने असाच धुमाकूळ घातला होता. जवळपास सगळा देश त्यात लिहीत होता. सरकारने १ ऑक्टोबर २०१९ ही तारीख ठरवली आणि देश अधिकृतपणे युनिकोडकडे वळला. त्यांची लिपी आपल्यापेक्षा सोपी नाही. मग आपल्याकडे आजही एखादं जाहिरात-पत्रक किंवा प्रश्नपत्रिका मागितली की 'या फाइलसोबत हा फॉन्ट टाकून घ्या' असं का ऐकावं लागतं?

तर आता करायचं काय? प्रोग्रामर मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटी परीक्षा देतो. पाच नावं घ्या: वऱ्हाड, ॲड., देऊळगाव राजा, लक्ष्मी, बाळापूर. वऱ्हाड तिन्ही प्रकारे आणि ॲड. दोन्ही प्रकारे लिहा. मग तुमच्या प्रणालीत ती भरा, शोधा, बाहेर काढा, विंडोजवर एक्सेलमध्ये उघडा, साठवा, लिनक्सवर परत आत घाला. 'लक्ष्मी' दोन अक्षरांची दिसते पण सात चिन्हांची आहे, ती रकान्यात मध्येच तुटते का बघा. वर्णानुक्रम लावून 'ळ' कुठे येतो ते बघा. नंबरांच्या क्रमाने तो 'ल' आणि 'व'च्या मध्ये येईल, आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर असतो. हे सगळं पार पडलं तर मी तुमचं या अनुदिनीवर जाहीर कौतुक करीन. नाही पार पडलं तर कृपा करून 'मराठी सपोर्ट आहे' असं पत्रकावर छापू नका.

आणि नातेवाईक मंडळी, तुम्हाला बाइटांशी देणंघेणं नाही हे मान्य. पण तुमच्यापैकी कुणी पतसंस्थेच्या संचालक मंडळात आहे, कुणी शाळेत आहे, कुणी ग्रामपंचायतीत. प्रणाली विकत घ्यायची वेळ तुमच्यावरच येते. विकणारा येईल, लॅपटॉप उघडेल आणि पडद्यावर छान मराठी दाखवील. तुम्ही फक्त तीन गोष्टी करायला सांगा. हे नाव शोधून दाखव. ही यादी माझ्या मोबाइलवर पाठव आणि तिथे उघडून दाखव. यातली एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवून दाखव. जुन्या फॉन्टचं सोंग असेल तर तिसऱ्या गोष्टीलाच उघडं पडतं, इंग्रजी अक्षरांचा चिवडा बाहेर येतो. करारात 'युनिकोड, यूटीएफ-८, सामान्यीकरण' हे तीन शब्द लिहून घ्या. अर्थ विचारला तर माझ्याकडे पाठवा.

तो म्हणेलच, "दिसून राह्यलं ना भाऊ!" तेव्हा तुम्ही म्हणा, "हो बाबा, दिसून राह्यलं. आता सापडून दाखव."

असो. लांबलं जरा. तुमच्याकडे असे अदृश्य नुक्त्यांचे आणि येनांचे किस्से असतील तर जरूर कळवा, आणि हो, युनिकोडात टंकून कळवा. :)